दहा हजार डॉलरची मर्यादा : चार्ल्स नेमरॉफ आणि शब्दावर विसंबलेली व्यवस्था

१/
जुलै २००४. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मनोविकारशास्त्र विभागप्रमुख डॉ. चार्ल्स नेमरॉफ एका पत्रावर स्वाक्षरी करतात. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीकडून आपण वर्षाला दहा हजार डॉलरपेक्षा कमी मानधन घेऊ, असे लेखी आश्वासन त्यात आहे. पत्रावर जी तारीख आहे, त्याच दिवशी ते वायोमिंगमधील जॅक्सन होल येथील एका आलिशान रिसॉर्टमध्ये होते आणि त्याच कंपनीकडून तीन हजार डॉलर कमावत होते. त्या एका वर्षात कंपनीने त्यांना सुमारे १,७०,००० डॉलर दिले. मर्यादेच्या सतरा पट.

२/
हा प्रसंग ऑक्टोबर २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापला आणि तेव्हापासून ही कथा दोन प्रकारे सांगितली जाते. पहिला प्रकार : एक लोभी डॉक्टर होता, तो पकडला गेला, प्रश्न मिटला. दुसरा प्रकार समाजमाध्यमांवर अधिक चालतो : बघा, मनोविकारशास्त्र हेच थोतांड. दोन्ही कथा सोप्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली कथा विद्यापीठाला निर्दोष सोडते, तर दुसरी औषधाची खरोखर गरज असलेल्या रुग्णाला वाऱ्यावर सोडते. या धाग्यात दोहोंचा समाचार घ्यायचा आहे.

३/
प्रथम माणूस. नेमरॉफ यांचा जन्म १९४९ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. पदवी सिटी कॉलेजची, पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून आधी तंत्रिकाजीवशास्त्रात डॉक्टरेट आणि मग वैद्यकीय पदवी. १९८३ पासून ड्यूक विद्यापीठात अध्यापन आणि १९९१ मध्ये अटलांटातील एमरी विद्यापीठात थेट विभागप्रमुख. प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या या दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरणारे संशोधक मनोविकारशास्त्रात तेव्हा मोजके होते. हे त्यांपैकी एक.

४/
त्यांचे काम पोकळ नव्हते, हे नीट समजून घेतले पाहिजे; नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. १९८१ मध्ये वायली वेल यांच्या गटाने मेंदूतील सीआरएफ या रेणूची रचना उलगडली. तणावाच्या प्रसंगी शरीराची संपूर्ण संप्रेरक-साखळी सुरू होते ती या रेणूच्या इशाऱ्याने. तीनच वर्षांत, १९८४ मध्ये, नेमरॉफ आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की तीव्र नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जू द्रवात सीआरएफचे प्रमाण वाढलेले असते.

५/
पुढे २००० साली क्रिस्टीन हाइम यांच्यासह ‘जामा’मध्ये आलेला निबंध तर अधिकच महत्त्वाचा. बालपणी अत्याचार सोसलेल्या स्त्रियांची तणाव-प्रतिसाद यंत्रणा प्रौढपणीही अतितीव्र राहते, असे त्यात दिसले. बालपणीची जखम शरीरात घर करून राहते, हे आज सर्वमान्य झालेले भान रुजवण्यात या कामाचा वाटा आहे. मात्र सीआरएफला रोखणाऱ्या औषधांवर बांधलेल्या आशा नैराश्याच्या चाचण्यांत फारशा फळल्या नाहीत. विज्ञानात असे होते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

६/
आता नियम. अमेरिकन सरकारने १९९५ मध्ये सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनासाठी हितसंघर्षाचे नियम केले. संशोधकाला ज्या कंपनीकडून वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक मिळतात, त्याच कंपनीच्या उत्पादनावर तो सरकारी अनुदानातून संशोधन करत असेल, तर त्याने ते आपल्या विद्यापीठाला कळवायचे. विद्यापीठाने तो हितसंघर्ष दूर करायचा, कमी करायचा किंवा त्यावर देखरेख ठेवायची आणि तसे राष्ट्रीय आरोग्य संस्थेला, म्हणजे एनआयएचला कळवायचे.

७/
या रचनेत आकडा सांगणार कोण? संशोधक. तो तपासणार कोण? विद्यापीठ. पण विद्यापीठाकडे कंपनीचे हिशेब नाहीत आणि ते मागण्याची त्याला इच्छाही नाही. एनआयएचकडे पोहोचणार ते विद्यापीठ सांगेल तेवढेच. जमीनमोजणीत शेतकऱ्यालाच साखळी देऊन ‘तूच मोज आणि तूच सांग’ म्हणावे, तशातला हा प्रकार. शेतकरी प्रामाणिक असेलही. पण याला मोजणी कोणी म्हणणार नाही.

८/
विद्यापीठाला इच्छा का नसावी, याचे उत्तर नेमरॉफ यांच्याच एका पत्रात आहे. २००० साली त्यांच्या बाहेरच्या कामांबद्दल एमरीत विचारणा झाली, तेव्हा त्यांनी प्रशासनाला आठवण करून दिली की स्मिथक्लाइन बीचमने विभागाला एक अध्यासन दिले आहे, जॅन्सेनकडूनही तशी शक्यता आहे, वायेथने तरुण संशोधकांसाठी निधी दिला आहे आणि आणखी दोन कंपन्यांकडे आपण शब्द टाकला आहे. या कंपन्यांनी विभागाला पैसा देण्यामागे आपले त्यांच्या सल्लागार मंडळांवर असणे हे एक कारण आहे, असेही त्यांनी त्यात सुचवले होते.

९/
हे पत्र या प्रकरणातला सर्वांत बोलका दस्तऐवज आहे. चोरी लपवणारा माणूस अशी भाषा वापरत नाही. अध्यासने कुठून येतात हे आपल्या मालकाला पक्के ठाऊक आहे, अशी खात्री असलेला माणूस असे लिहितो. आणि ती खात्री अनाठायी नव्हती.

१०/
नोव्हेंबर २००२. ‘नेचर न्यूरोसायन्स’च्या पुरवणी अंकात मनोवस्था-विकारांच्या उपचारांवर नेमरॉफ आणि मायकेल ओवेन्स यांचा समीक्षालेख येतो. त्यात ज्या उपचारांविषयी आशादायक उल्लेख आहेत, त्यांपैकी काहींत नेमरॉफ यांचे आर्थिक हितसंबंध होते. उदाहरणार्थ, त्वचेवर लावायच्या लिथियमच्या पट्टीचे पेटंट. लेखात याचा उच्चार नाही. बर्नार्ड कॅरोल आणि रॉबर्ट रुबिन या दोन ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञांनी संपादकांना पत्र लिहून ते उघड केले. यातील कॅरोल हे ड्यूक विद्यापीठात नेमरॉफ यांचे विभागप्रमुख होते. जुन्या वरिष्ठानेच बोट ठेवले.

११/
न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्या नियतकालिकाचा प्रकटनाचा नियम तेव्हा केवळ मूळ संशोधनाच्या निबंधांना लागू होता, समीक्षालेखांना नव्हता. विचारले असते तर सांगितले असते, असे नेमरॉफ यांचे म्हणणे होते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच. २००३ मध्ये नियतकालिकाने हा नियम बदलला. मात्र व्यग्र डॉक्टर मूळ निबंध क्वचित वाचतो. तो समीक्षालेख वाचतो आणि त्यावरून औषध लिहून देतो. मग सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या लेखनप्रकारालाच नियमातून सूट का होती? हा प्रश्न तेव्हा संपादकांना पुरेशा जोराने कोणी विचारला नाही.

१२/
२००४ मध्ये एमरीच्या हितसंघर्ष समितीने चौकशी केली आणि चौदा पानांचा अहवाल दिला. त्यात अनेक गंभीर नियमभंग नोंदवले होते. म्हणजे सिनेटने हात घालण्याच्या चार वर्षे आधी विद्यापीठाला सर्व ठाऊक होते. मग विद्यापीठाने काय केले? पत्र घेतले. पहिल्या पोस्टमधले ते हेच पत्र. ज्याचा शब्द खोटा ठरला होता, त्याच्याकडूनच आणखी एक शब्द घेऊन समितीने फाइल बंद केली. पद तसेच राहिले, आणि एनआयएचचे अनुदानही.

१३/
ते अनुदान कोणते? २००३ ते २००८ या पाच वर्षांत नेमरॉफ हे ३९.५ लाख डॉलरच्या एका सरकारी प्रकल्पाचे प्रमुख संशोधक होते. प्रकल्प ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्याच पाच औषधांसंबंधी होता. दहा हजारांच्या मर्यादेचे महत्त्व म्हणूनच. एका खिशात करदात्यांचे पैसे, औषध पारखण्यासाठी. दुसऱ्या खिशात त्या औषधाच्या मालकाचे.

१४/
२००६ चा प्रसंग याहून विलक्षण. अमेरिकी औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, जुलै २००५ मध्ये नैराश्यासाठी एका यंत्राला मान्यता दिली होती. सायबरोनिक्स कंपनीचे हे यंत्र छातीत बसवले जाते आणि मानेतील व्हेगस नसेला विजेचे स्पंद देते. विभागातील वीसहून अधिक शास्त्रज्ञ आणि अधिकाऱ्यांचे मत विरुद्ध असताना एका वरिष्ठाने ही मान्यता दिल्याचे सिनेटच्या वित्त समितीच्या फेब्रुवारी २००६ च्या अहवालात नमूद आहे.

१५/
त्याच वर्षी जुलैत ‘न्यूरोसायकोफार्मॅकॉलॉजी’ या प्रतिष्ठित नियतकालिकात या यंत्राची भलामण करणारा समीक्षालेख आला. लेखक नऊ. त्यांपैकी आठ विद्यापीठीय संशोधक कंपनीचे सशुल्क सल्लागार, नववा कंपनीचा कर्मचारी. आठ जणांच्या सल्लागारपदाचा लेखात उल्लेख नाही. पहिले लेखक नेमरॉफ. आणि नियतकालिकाचे मुख्य संपादक? तेही नेमरॉफ. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने हे छापल्यावर दुरुस्ती प्रसिद्ध झाली आणि त्यांनी संपादकपद सोडले. विभागप्रमुखपद मात्र याही वेळी सुरक्षित राहिले.

१६/
इतिहासाच्या अभ्यासकांनी इथे विशेष थांबावे, कारण यापुढे प्रकरण उलगडले ते निव्वळ साधनचिकित्सेने. आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चार्ल्स ग्रासली वित्त समितीचे ज्येष्ठ सदस्य होते. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना त्या समितीच्या अखत्यारीत येतात. औषधांचे बिल सरकार भरते, म्हणून हे प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार. त्यांनी आणि त्यांच्या तपासनिसांनी केले ते इतकेच : विद्यापीठांकडून प्राध्यापकांनी भरलेली प्रकटनपत्रे मागवली, कंपन्यांकडून त्याच प्राध्यापकांना दिलेल्या रकमांचे तपशील मागवले आणि दोन्ही शेजारी ठेवले.

१७/
बखर एक सांगते आणि दफ्तरातला जमाखर्च दुसरेच सांगतो, हे मराठी इतिहासाच्या वाचकाला नवे नाही. प्रकटनपत्र ही बखर आहे : स्वतःविषयी, स्वतःच्या सोयीने, धन्याला दाखवण्यासाठी लिहिलेली. कंपनीची वही हा जमाखर्च. यात ना गुप्तहेर होते ना कोणी फुटलेला साक्षीदार. दोन कागद एकमेकांशी ताडून पाहिले गेले. १९९५ पासून तेरा वर्षे एकाही विद्यापीठाला हे सुचू नये, याला विस्मरण म्हणणे हा भाषेवर अन्याय होईल.

१८/
निष्पन्न झालेले आकडे असे. २००० ते २००७ या काळात नेमरॉफ यांना औषध कंपन्यांकडून २८ लाख डॉलरहून अधिक मिळाले. त्यांपैकी किमान १२ लाख विद्यापीठाला कळवलेले नव्हते. एमरीच्या स्वतःच्या नंतरच्या चौकशीत दिसले की एकट्या ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडून २००० ते २००६ या काळात मिळालेले आठ लाखांहून अधिक डॉलर नोंदवले गेले नव्हते. हे मानधन अडीचशेहून अधिक व्याख्यानांचे होते. आपल्या माहितीप्रमाणे आपण विद्यापीठाचे नियम पाळले, असे नेमरॉफ यांनी तेव्हा सांगितले.

१९/
अडीचशे व्याख्याने सात वर्षांत, म्हणजे दर दहा-अकरा दिवसांनी एक, आणि तीही एकाच कंपनीसाठी. विभागप्रमुख सतत प्रवासात असतो हे विभागातल्या कारकुनालाही दिसते. कुलगुरूंच्या कार्यालयाला दिसले नाही, असे ज्याला मानायचे असेल त्याने मानावे.

२०/
परिणाम : एनआयएचने एमरीचा ९३ लाख डॉलरचा नैराश्यविषयक प्रकल्प गोठवला. डिसेंबर २००८ मध्ये नेमरॉफ यांनी विभागप्रमुखपद सोडले. दोन वर्षे त्यांच्या सहभागाचा कोणताही प्रस्ताव एनआयएचकडे पाठवायचा नाही, असे एमरीने ठरवले. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. बंदी एमरीची होती, एनआयएचची नव्हती.

२१/
‘एक नासका आंबा’ या उपपत्तीविषयी. त्याच वर्षी ग्रासली यांनी हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील बालमनोविकारतज्ज्ञ जोसेफ बीडरमन यांचेही आकडे जाहीर केले : २००० ते २००७ मध्ये कंपन्यांकडून किमान १६ लाख डॉलर, त्यातले बहुतांश वर्षानुवर्षे अप्रकट. बीडरमन यांच्या मांडणीने लहान मुलांतील बायपोलर विकाराच्या निदानाला बळ मिळाले होते. २००७ च्या एका अभ्यासानुसार १९९४-९५ ते २००२-०३ या काळात अमेरिकेत मुला-किशोरांच्या दवाखाना-भेटींत हे निदान सुमारे चाळीस पट वाढले. यांतली कित्येक मुले प्रबळ मनोविकारविरोधी औषधांवर गेली. त्यांचा एक परिचित दुष्परिणाम म्हणजे झपाट्याने वाढणारे वजन. अप्रकट रकमेची किंमत कोण मोजतो, हे इथे दिसते.

२२/
आता दुसऱ्या कथेकडे. ‘पैसे घेतले, म्हणजे निष्कर्ष खोटे’ हे अनुमान टिकत नाही. १९८४ चा निबंध कंपनीच्या व्याख्यानांमुळे खोटा ठरत नाही. बालपणीच्या आघाताविषयीचे निष्कर्ष स्वतंत्र संशोधकांच्या कामातूनही पुढे आले आहेत. नैराश्य हा खरा आजार आहे, त्याने माणसे खरोखर मरतात आणि औषधांनी अनेकांना खरोखर आधार मिळतो. हितसंबंध लपवणे हा निष्कर्ष खोटा असल्याचा पुरावा होत नाही. ते वाचकाच्या हातातला तराजू काढून घेणे आहे. हा अपराध वेगळा आहे, पण लहान नाही.

२३/
लहान का नाही? समीक्षालेखात प्रत्येक वाक्य खरे असू शकते आणि तरीही लेख दिशाभूल करू शकतो. कोणता अभ्यास आधी सांगायचा, कोणता तळटीपेत ढकलायचा, ‘आशादायक’ हे विशेषण कुणाला लावायचे, ही निवड लेखकाची असते. तिथेच झुकते माप पडते, आणि ते लेखकाच्याही नकळत पडू शकते. म्हणूनच ‘मी निःपक्षपाती आहे’ ही संशोधकाची स्वतःविषयीची साक्ष, ती कितीही प्रामाणिक असो, इथे निरुपयोगी आहे.

२४/
मग सर्व उघड केले की झाले? तेही नाही. २००५ मध्ये केन, लोवेनस्टाइन आणि मूर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बरणीत नाणी. एका गटाने दुरून पाहून त्यांचे मूल्य सांगायचे. दुसऱ्या गटाने जवळून पाहून त्यांना सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना पैसे मिळणार होते ते समोरच्याचा अंदाज जितका चढा, तितके जास्त. हा हितसंबंध उघड केला तेव्हा सल्लागारांनी अधिकच फुगवून आकडे सांगितले, आणि ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून जेवढी वजावट करायला हवी होती तेवढी केली नाही. ‘आधीच सांगितले होते’ या समाधानाने जीभ सैल होते.

२५/
म्हणजे प्रकटन हा उपचार नव्हे. फार तर तपासणी. तरीही तपासणीशिवाय उपचार नाही. २०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्यात ग्रासली आणि डेमोक्रॅट हर्ब कोल यांचा ‘सनशाइन’ कायदा समाविष्ट झाला. त्याने दिशाच उलटी केली : आकडा आता डॉक्टर सांगत नाही, कंपनी सांगते, आणि तो सरकारी संकेतस्थळावर डॉक्टरच्या नावानिशी झळकतो. ३० सप्टेंबर २०१४ रोजी पहिली नोंदवही खुली झाली. एका जेवणाचे बिलही तीत येऊ शकते.

२६/
विद्यापीठांसाठीचे नियमही २०११ मध्ये कडक झाले. मर्यादा दहा हजारांवरून पाच हजारांवर आली. मूळ प्रस्तावात प्रत्येक विद्यापीठाने हितसंघर्षांची माहिती सार्वजनिक संकेतस्थळावर टाकावी, असे होते. अंतिम नियमात सवलत आली : संकेतस्थळ नको असेल तर कोणी लेखी विचारल्यावर पाच कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे. दार उघडे ठेवायचे नव्हते. ठोठावल्यास उघडू, एवढेच कबूल केले. संस्था आपली मुरड कशी घालतात, याचा हा नमुना.

२७/
भारतात काय? मेडिकल कौन्सिलने डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी आणि सहलींचा आदरसत्कार स्वीकारण्यास मनाई केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात अशा भेटींवरील खर्चाला कंपन्यांना करसवलत नाकारली. पण रुग्णाने आपल्या डॉक्टरचे नाव टाकावे आणि कोणत्या कंपनीने त्याला किती दिले ते वाचावे, अशी सार्वजनिक नोंदवही नाही. मनाई आहे आणि मोजणी नाही. १९९५ च्या अमेरिकेहून ही स्थिती फार पुढची नाही.

२८/
नेमरॉफ यांच्याकडे परत. २००९ च्या अखेरीस ते मायामी विद्यापीठात मनोविकारशास्त्र विभागप्रमुख म्हणून रुजू झाले. एमरीची दोन वर्षांची बंदी एमरीतच राहिली. जून २०१० मध्ये ‘क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन’ने वृत्त दिले की नेमणुकीपूर्वी मायामीचे अधिष्ठाता पास्कल गोल्डश्मिट यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक थॉमस इन्सेल यांच्याशी बोलणे केले होते, आणि नेमरॉफ एनआयएचच्या अनुदानासाठी अर्ज करू शकतात असे इन्सेल यांनी सांगितले होते. याच इन्सेल यांना १९९४ मध्ये एमरीत पद मिळवून देण्यात नेमरॉफ यांचे साहाय्य झाले होते. मैत्रीखातर काही घडले, असे यावरून सिद्ध होत नाही. इन्सेल यांचे उत्तर नियमांप्रमाणे अचूकच होते. एनआयएचने बंदी घातलीच नव्हती. मग दुसरे काय सांगणार?

२९/
२०१२ मध्ये नेमरॉफ यांना एनआयएचचे नवे अनुदान मिळाले. वर्षाला सुमारे चार लाख डॉलर, पाच वर्षांसाठी, विषय आघातोत्तर तणाव विकार. ग्रासली यांनी एनआयएचला पुन्हा पत्र लिहून विचारणा केली. अनुदान कायम राहिले. पुढे नेमरॉफ ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या डेल मेडिकल स्कूलमध्ये गेले, पुन्हा विभागप्रमुख म्हणूनच.